काहीही न करण्याचा हुकूम

आकाराम सुभेदारांना जगात एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे गप बसणं. तोंडानं गप बसायचं तर सोडाच, त्याची आशा घरच्यांनी कधीच सोडली होती. हे हातानं गप बसण्याविषयी चाललंय. पलटणीतून घरी येऊन कैक वर्षं लोटली, तरी गडी तांबडं फुटायच्या आत उठायचा आणि उठला की हाताला काम शोधायचा. दार कुरकुरलं, आण तेलाची बुधली. दोरी तुटली, मार गाठ. आणि कुठं एखादं रोप मलूल दिसलं, की आण पाणी.

पाण्यावर त्यांची भारी श्रद्धा. का नसावी? उंब्रजच्या जवळ, कृष्णेच्या काठाला घर. शेतात नजर जाईल तिथवर ऊस. पाणी दाखवलं की ऊस हसतो आणि नाही दाखवलं की रुसतो, एवढ्या एका शास्त्रावर त्यांची सगळी शेती चालली होती आणि खोटं कशाला बोला, झकास चालली होती.

अशा माणसाला व्याही मिळाला कुठला, तर कवठे महांकाळच्या पलीकडचा, दुष्काळी पट्ट्यातला. आता पाणी आलंय तिकडंही, द्राक्षं लागलीत, पण माणसांच्या हाताला जुनी सवय राहतेच. व्याह्यांचं नाव नानासो. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, बोलायला मात्र तिखट. सुपारी फुटायच्या बैठकीत आकारामांनी आपली रीत म्हणून चिमटा काढला, "पावणं, तुमच्याकडं म्हणं पावण्याला आदी इचारतात, तहान लागलीया का नुसतंच पाणी मागताय?"

नानासो पान जुळवत म्हणाले, "सुभेदार, तुमी पिकाला पाणी पाजता. आमी चाखवतो. चव कुणाच्या मालाला हाय, ते बाजारात जाऊन इचारा."

बैठक हसली. आकारामही हसले, पण ते बोलणं त्यांच्या मनात कुसळागत रुतून बसलं.

लग्न थाटात झालं. नानासोंची रेश्मा आकारामांच्या वीरधवलची बायको होऊन काठावर आली. पोरगी सांगलीला बी.कॉम. झालेली, वळणाची, कामाला वाघीण. नाव ठेवायला जागा नाही. आणि तीच तर अडचण होती. सासू अंबूबाईनं भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला, तर "पुरे, आत्या." सासऱ्यानं कराडहून काही आणू का विचारलं, तर "नको, मामा, सगळं आहे." नवऱ्यानं साडी घेऊ म्हटलं, तर "आहेत की." रागावणं नाही, रुसणं नाही, मागणं नाही. अंबूबाई आळीत सांगत सुटली, आमची सून म्हणजे गाय. आकारामांना मात्र ते खटकत होतं.

"गाय काय गाय," ते एकदा बांधावर बसून बायकोला म्हणाले, "घरचं माणूस मागतंय, भांडतंय, तोंड वाकडं करतंय. पावणी मागत न्हाई. ही पोरगी अजून पावणीच हाय, अंबू."

अंबूबाई म्हणाली, "तुमास्नी सुख बोचतंय." पण तिलाही ते पटलं होतं.

रेश्मानं माहेरून रुखवताच्या पसाऱ्याबरोबर एक कान तुटलेला कप आणला होता. त्यात एक झाड. झाड म्हणायचं ते आपलं म्हणायला. जाडजूड पानांचं, गुलाबाच्या फुलासारखं मांडलेलं, रंगानं निळसर-राखाडी आणि पानांच्या कडा गुलाबी. हॉस्टेलच्या मैत्रिणीनं दिलेल्या एका पानापासून तिनं ते वाढवलं होतं. सांगलीच्या खिडकीतून ते माहेरच्या खिडकीत गेलं आणि आता सासरच्या सोप्याच्या खिडकीत येऊन बसलं. आकारामांनी पहिल्याच दिवशी त्याची झडती घेतली.

"हे काय, कोबीचं पिल्लू?"

"सक्युलंट म्हणतात, मामा. पानात पाणी साठवून ठेवतं."

"साठवायला हितं काय दुष्काळ पडलाय?"

रेश्मा हसली. पाहुण्याच्या विनोदाला हसावं, तेवढंच आणि तसंच.

आखाड लागला. नव्या सुनेनं आखाडात सासरी राहू नये, ही रीत. नानासो तिला न्यायला आले. आखाड आणि पंचमी एकदमच करून पाठवतो म्हणाले. पिशव्या गाडीत गेल्या, पाया पडून झालं, रेश्मा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून परत फिरली.

"मामा, एक काम सांगू?"

आकारामांची पाठ आपोआप ताठ झाली. पोरीनं या घरात पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं होतं आणि तेही त्यांच्याकडं. तिनं कळशीभर चंद्र मागितला असता तरी सुभेदार पायात चपला घालून निघाले असते.

"सांग की."

"माझ्या झाडाकडं लक्ष द्याल?"

"त्येला काय काय लागतंय ते सांग. खत, फवारणी, काय आसंल ते."

"काही नाही. काहीही करू नका, बस एवढंच. मी पाणी घातलंय, ते येईपर्यंत पुरेल. पावसाळी हवा आहे, तेवढी ओल त्याला लय झाली."

"काहीच करायचं न्हाई?"

"काहीच नाही, मामा."

गाडीतून नानासोंनी ऐकलं. मोका सोडतील तर ते व्याही कसले. "सुभेदार, संबाळा बरं. न्हाईतर आमी म्हणू, काठावरच्या लोकास्नी एक कप सांबाळता आला न्हाई."

"एकरी शंभर टन काढणाऱ्या माणसाला कप सांगताय व्हय, पावणं?" आकाराम म्हणाले आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत छाती पुढं काढून उभे राहिले.

आता खिडकीजवळ त्यांची खुर्ची आली. बाहेर पावसाची झड लागलेली, शेतात पाऊल ठेवता येत नाही, म्हणजे हाताला कामही नाही. समोर झाड. झाडाकडं बघायचं आणि काही करायचं नाही. असा छळ कुणी शत्रूच्या कैद्याचाही केला नसेल. पहिले काही दिवस त्यांनी दात-ओठ खाऊन काढले. मग एके दिवशी त्यांना दिसलं की सगळ्यात खालचं एक पान सुरकुतलंय.

"अंबू, हिकडं ये. तहानलंय ते."

"तिनं काय सांगितलंय?"

"काही करू नका."

"मग नका करू."

"आगं, फौजेत आसला हुकूम मला कुणी कवा दिला न्हाई."

"पहारा केलाय न्हवं तुमी? पहाऱ्यावर काय करायचा?"

"उभं ऱ्हायचो."

"मग हितं बसून ऱ्हावा," असं म्हणून अंबूबाई चुलीकडं गेली. सल्ला एक नंबरचा होता. तिनं स्वतः तो पाळला असता, तर पुढचं रामायण झालंच नसतं.

आकारामांनी तो दिवस काढला. दुसऱ्या दिवशी तांब्यातल्या घोटभर पाण्याचा धर्म केला. पाणी कपात गेलं आणि बुडाखालून खिडकीच्या फरशीवर आलं. त्यांनी कप उचलून बघितला, तर बुडाला भोक. सुभेदारांचा जीव कळवळला. पोरीनं फुटका कप आणला होता सासरी आणि लाजेनं बोलली नव्हती. म्हणूनच झाड तहानेलं, घातलेलं पाणी टिकणार कुठं? त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, पाइपलाइनला लावायचं सोल्युशन आणलं आणि बुडाला असं झकास पंक्चर काढलं की थेंब गळेना. मग पाणी घातलं. पुरतं. आणि हात आहेतच मोकळे, तर चिमटीभर युरियाही दिला. लागणीच्या उसाला डोस देतातच की.

दोन-चार दिवसांत झाड काय तरारलं म्हणता. पानं फुगली, चकाकायला लागली. आकारामांना मनातून गुदगुल्या झाल्या. व्हिडिओ कॉलवर रेश्मानं विचारलं, "मामा, झाड कसं आहे?" तर म्हणाले, "मजेत. बाळसं धरलंय." रेश्माच्या कपाळावर हलकी आठी आली. "काही केलं नाही ना?" "छे." वीरधवलनं फोन लांबूनच खिडकीकडं फिरवला आणि झटकन परत घेतला.

मग पानं पिवळी पडली. उकडलेल्या कांद्याच्या पाकळीसारखी आरपार दिसायला लागली. बोट लागलं की गळून पडायची. उसाच्या शास्त्रानुसार याला एकच उपाय आणि आकारामांनी तो दिलदारपणे केला. एका सकाळी ते उठून बघतात, तर झाड कपात आडवं. देठ काळा पडलेला, बोटानं दाबला तर पचकन आवाज आला.

सुभेदार खुर्चीत बसले. बराच वेळ बसले. खोटं नाही, त्यांना रडायला आलं. झाडाचं एवढं नव्हतं. ऊस वाहून जाताना, बैल मरताना बघितलेला माणूस तो. पण पोरीनं एकच काम सांगितलं होतं, आणि तेही काही न करण्याचं. ते त्यांना जमलं नव्हतं. आता ती परत यायची, मान खाली घालून "असू दे, मामा" म्हणायची आणि जन्मात पुन्हा काही मागायची नाही. आणि त्यात नानासो. नानासो तर गावजेवण घालतील.

घर उठायच्या आत त्यांनी कप धोतराच्या सोग्याखाली घेतला आणि विहिरीवर गेले. कुजलेला गड्डा बांधाला पुरला. शेंड्याची चार-सहा पानं मात्र अजून धड होती, कडांना गुलाबी रंग होता. ती टाकवेनात. मोटरच्या खोलीत गेले, मीटरच्या फळीखाली गजांच्या खिडकीत कोरडा कट्टा होता, तिथं ठेवली आणि कडी लावली. पावसाळ्यात मोटर कोण चालू करतंय? तिकडं महिनोन्महिने कुणी फिरकणार नव्हतं.

तशीच सातारची एसटी धरली. घरी सांगितलं, पेन्शनीचं काम आहे, आणि झाड आजच्या दिवस हवा पालटायला बाहेर ठेवलंय. नर्सरीत गेले तर मांडणीवर असल्या झाडांची पलटणच उभी. एकेकाला ओळखपरेडीसारखं न्याहाळत त्यांनी अखेर एक निवडलं. बरंचसं तसंच. जरा जास्त हिरवं, जरा गुबगुबीत, पण लांबून कळू नये.

नर्सरीवाल्यानं कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "पहिलं पाण्यानं गेलं का, काका?"

"तुमाला कसं कळलं?"

"पावसाळ्यात सगळे त्याच्यासाठीच येतात. यावेळी काही करू नका."

आकारामांनी त्याच्याकडं असं बघितलं की बिचाऱ्यानं सुटे पैसे मुकाट्यानं दिले.

संध्याकाळी नवीन झाड जुन्या कपात बसलं. आणि गंमत बघा. रात्री जेवताना अंबूबाई खिडकीकडं बघून स्वतःशीच हसली. वीरधवलनंही बघितलं आणि तोही मिशीत हसला. आकारामांना वाटलं, यांना कळलं की काय? कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डुलकी काढायचं सोंग घेऊन पडले होते, तेव्हा अंबूबाई पावलं न वाजवता आली, पदराखालून वाटी काढली आणि तांदूळ धुतलेलं पाणी कपात ओतायला वाकली. ओठांत पुटपुटत होती, "आईपासनं तुटलंय लेकरू. पी बाबा. माझ्या पाण्यानंच सावरलास."

"अंबू."

वाटी हातातून निसटता निसटता राहिली.

"तिनं काय सांगितलंय?" आकारामांनी विचारलं. अंबूबाई वाटी घेऊन गेली.

संध्याकाळी कामावरून आलेला वीरधवल औषधाची जुनी फवारणीची बाटली घेऊन खिडकीपाशी उभा सापडला. बायकोच्या आठवणीनं रोज संध्याकाळी तिच्या झाडाला फवारा मारत होता म्हणे. आता आली का पंचाईत? सकाळी सुभेदार, दुपारी सुभेदारीण, संध्याकाळी चिरंजीव. कोबीच्या पिल्लाला तिन्ही त्रिकाळ आंघोळ घालत होतं सगळं घर, आणि जो तो चोरून. आकारामांना दोघांना फैलावर घ्यायचं होतं, पण कोणत्या तोंडानं घेणार? त्यांनी खुर्ची खिडकीला पार भिडवली आणि त्या दिवसापासून खराखुरा पहारा दिला. साताऱ्याच्या त्या तोतयाला पुढं कुणी थेंब दाखवू शकलं नाही.

पंचमी झाली आणि नानासो लेकीला घेऊन आले. रेश्मानं पाय धुतले आणि सरळ खिडकीशी गेली. तिनं झाडाकडं बघितलं. कप उचलला, वर धरला, खालून बघितला. मग होता तिथं नीट ठेवला.

"छान राखलंय, मामा," ती म्हणाली.

नानासोंनी पुढं होऊन बघितलं आणि आकारामांच्या खांद्यावर थाप मारली. "मानलं, सुभेदार. मला वाटलं व्हतं बुडवून मारताय. पाणीवाल्याला पाणी आवरतंय, हे आज डोळ्यानं बघितलं."

सगळ्या गावासमोर हे ऐकायला आकारामांनी एरवी एका एकराचा ऊस दिला असता. आज थाप खांद्यावर पडली आणि आत काहीच हललं नाही. कारण रेश्मा "छान राखलंय" म्हणाली, ते "पुरे, आत्या" म्हणते त्याच आवाजात. त्या आवाजाची त्यांना आता भीती बसली होती.

पुढं श्रावण सरला. रेश्मा घरात होती, कामात होती, गोड होती. मागत काहीच नव्हती. कुठं चाललेत विचारलं की "काही आणायचं नाही, मामा." आकाराम खिडकीतल्या तोतयाकडं बघायचे आणि तोतया त्यांच्याकडं बघायचा. दोन-तीनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि पावसावर काहीतरी बोलून मिटलं. लढाईत पुढं झालेला माणूस सुनेसमोर माघार घेत होता.

भादव्यात उघडीप पडली. ऊन असं तापलं की ऊस सकाळीच माना टाकायला लागला. रविवार होता. आकाराम विहिरीवर गेले, मोटरच्या खोलीची कडी काढली, बटणाकडं हात नेला आणि तसाच राहिला.

कट्ट्यावर ती पानं होती. पानं कसली, वाळून चुरमडलेल्या पिशव्या. पण प्रत्येकीच्या टोकाला, जिथं ती देठाला चिकटलेली असते तिथं, करंगळीच्या नखाएवढं एकेक झाड. तसंच गुलाबासारखं मांडलेलं, निळसर, आणि कडेला गुलाबी. खाली धाग्याएवढी लालसर मुळं, कोरड्या सिमेंटवर पसरलेली. एक पान तेवढं नुसतंच वाळलं होतं. बाकी पाचही पानांना पिल्लं. न माती, न पाणी, न खत. खाली विहीर तुडुंब होती आणि शेजारी पाच हॉर्सपॉवरची मोटर होती, पण त्यांना कुणी थेंब पाजला नव्हता. पाजायला कुणी आलंच नव्हतं.

आकाराम खाली बसून बघत राहिले. त्यांचा उजवा हात आपला आपण पाण्याच्या बाटलीकडं गेला. त्यांनी डाव्या हातानं तो धरला.

ही आता घरी न्यायची, तर सगळं सांगायला लागणार होतं. आणि इथंच ठेवली तर कुणाला काही कळणार नव्हतं, मानही शाबूत राहणार होती. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उताणी धरली आणि एकेक पिल्लू तिच्यात ठेवलं. मोटर चालू करायची राहून गेली. बोडक्या डोक्यानं निघालेल्या सुभेदारांना बघून वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, काही वाईट बातमी आहे का. "न्हाई," ते म्हणाले आणि थांबले नाहीत.

घरात ताटं वाढली होती. आकाराम न जेवता रेश्मासमोर मांडी घालून बसले आणि टोपी तिच्यापुढं ठेवली.

"रेश्मा, तुझं झाड मी मारलं. पाणी घातलं, युरिया घातला. खिडकीतलं साताऱ्यासनं इकत आणलंय. पावण्यांसमोर खोटं वागलो. ही त्या झाडाची पानं हायती. मी मोटरच्या खोलीत टाकली व्हती, ती आपली आपण जगली."

मग अंबूबाईनं हातातली परात खाली ठेवली. "तुमी कुठलं मारताय? मी मारलं. रोज तांदळाचं पाणी घालत व्हते. आणि वर मला वाटलं, माझ्या हातनं सावरलं."

"मी फवारा मारायचो," वीरधवल ताटाकडं बघत म्हणाला. "संध्याकाळी."

रेश्मानं एकेकाकडं आळीपाळीनं बघितलं. "म्हणजे तिघांनी मिळून?"

"आन् एकमेकाला पत्ता लागू न देता," आकाराम म्हणाले.

"मला ठाऊक होतं, मामा," रेश्मा हळूच म्हणाली. "आले त्याच दिवशी कळलं. कपाच्या बुडाला सायकलचं पंक्चर काढलेलं होतं."

आकारामांनी कपाळाला हात लावला. तोतया आणला, बेमालूम बसवला, आणि पंक्चर तसंच ठेवलं.

"मग बोलली का न्हाईस, पोरी?"

"काय बोलणार? तुम्ही मोठे. माझं मेलं एक रोप."

आकारामांना ते फार लागलं. "मोठ्यास्नी बोलायचं न्हाई, ते दुसऱ्याच्या घरात," ते म्हणाले. "आपल्या घरात मोठ्यास्नीच बोलायचं आसतंय. आमी कवाधरनं वाट बगतोय, तू कवा भांडतीस म्हणून."

रेश्मा टोपीतल्या पिल्लांवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मग बोलू?"

"बोल."

"मला वाटलं, माझं झाडसुद्धा आखाड पाळायला माहेरी गेलं, आणि त्याच्या जागेवर साताऱ्याची कुणी करवली येऊन बसली. गाल कसले वर आलेत तिचे. बघितल्या बघितल्या कळतंय, बागायतदाराच्या घरची आहे." बोलता बोलता तिला हसू आलं आणि मग आवरेना. "आणि आत्या, आजपासून माझ्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवाल तर ह्या टोपीची शपथ आहे. त्या झाडाचं काय झालं ते बघितलंत ना? पुढचा नंबर माझाच होता."

अंबूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडात हसू. वीरधवलला ठसका लागला. आकाराम सुनेकडं बघत बसले. लग्न होऊन इतके महिने झाले, ही पोरगी अशी पोट धरून हसते हे त्यांना आज कळत होतं.

तेवढ्यात रेश्माचा फोन वाजला. नानासो. रविवारचा त्यांचा फोन दुपारचाच यायचा. आकारामांचा चेहरा उतरला. रेश्मानं त्यांच्याकडं एकवार बघितलं आणि फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"दादा, एक सांगायचंय," ती म्हणाली. "मामांनी माझ्या एका झाडाची पाच केली."

"काय सांगतीस? पाच?" नानासो म्हणाले. "दे त्यांच्याकडं. सुभेदार, पाणी किती घातलं?"

आकारामांनी रेश्माकडं बघितलं. ती टोपीकडं बघत होती.

"न्हाई घातलं," ते म्हणाले.

"खत?"

"न्हाई."

"मग केलं तरी काय?"

"काहीच न्हाई केलं, पावणं."

नानासो टोमणा मारायचं विसरले. मग म्हणाले, "सुभेदार, आमच्या वाडवडलांस्नी हे शिकायला दुष्काळ लागला. तुमी कसं काय शिकला?"

"सुनंनं हुकूम दिला," आकाराम म्हणाले. "तो पाळायला मला जरा उशीर झाला."

फोन ठेवला. भाकरी गार झाली होती. आकारामांनी पहिला घास मोडला आणि रेश्मा म्हणाली, "मामा, अजून एक काम सांगू?"

घास ताटात परत गेला. "काही न करायचं आसंल तर आदीच सांग. त्येच्यासाठी मनाची तयारी लागती."

"नाही, करायचंय. ह्या पाचांना पाच कप लागतील. बुडाला भोकं पाडून द्या."

ती वाक्य पुरं करायच्या आत सुभेदार उठले होते. अंबूबाई ओरडली, आवं, जेवून तरी घ्या. त्यांनी ऐकलं नाही. हातोडी आली, खिळा आला आणि फडताळातून कप आले. ते अंबूबाईच्या ठेवणीतल्या सेटचे होते, सोनेरी काठाचे, पाहुण्यांसाठी राखलेले. पहिला कप पहिल्याच ठोक्याला दुभंगला. दुसऱ्याचा कान गेला आणि मग बूड. अंबूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. तिसरा कप आकारामांनी उचलला, तेव्हा रेश्मा पदर खोचून त्यांच्या समोर येऊन बसली.

"हळू, मामा," ती म्हणाली. "किती जोरात मारताय. आणा तो, मी धरते."